तिसरी बंदूक

पनवेलहून गोव्याच्या दिशेने निघालं की पळस्पे फाटा लागतो, मग शिरढोण, मग कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो. या आठ-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात अजूनही काही जुनी घरं उभी आहेत. त्यातल्या एखाद्या घराच्या माजघरात किंवा माळ्यावरच्या लाकडी पेटीत बंदूक असते. तिला तेलाचं फडकं गुंडाळलेलं असतं आणि कागदपत्रं सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर एकाच पिशवीत ठेवलेली असतात. आजोबा होते तोवर ती त्यांची जबाबदारी होती. आजोबा गेले की प्रश्न उभा राहतो: ठेवायची की जमा करायची?

तसं एखादं घर डोळ्यांसमोर आणू. भाताची खाचरं, डोंगराच्या कडेला थोडं वरकस, आणि आजोबांच्या परवान्यावर तीन हत्यारं. एक ठासणीची, रानडुकरांसाठी. दुसरी बारा बोअरची दुनळी. तिसरी सरकारी कारखान्यातली .३१५ ची रायफल. आता कुणीतरी येऊन म्हणतो, ‘ती .३१५ द्या मला. बदल्यात परदेशी रायफल देतो, ऑटो आहे. बोल्ट मागेपुढे करायला नको, नुसता चाप ओढत राहायचं.’ वरचे पैसेही मागत नाही. घरातल्या तरुण मुलाचे डोळे चमकतात.

ही अदलाबदल करावी का, आणि केलीच असेल तर आलेली रायफल ठेवावी का, याचं उत्तर मी या प्रकरणात देणार आहे. ते अवघड नाही. पण त्या उत्तरामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, एका यंत्राची रचना आहे, आणि घरातल्या माणसांची सुरक्षितता आहे. हे तिन्ही कळल्याशिवाय त्या मुलाला उत्तर पटायचं नाही.

इतिहासासाठी लांब जायला नको. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. ४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म, आणि आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या कारकुनाने १८७६ ते ७८ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला. त्याच काळात, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा आणला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागणार आणि युरोपियनाला लागणार नाही, अशी त्याची सरळ विभागणी होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन बंड उभारलं. सावकारांच्या पेढ्या लुटायच्या आणि त्या पैशांवर माणसं आणि हत्यारं जमवायची, असा बेत होता. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले. पळस्पे आणि चिखली इथे त्यांनी मोठी लूट केली. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. फडके २० जुलैला पकडले गेले. पुण्यात खटला चालला तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बचावाला उभे राहिले. शिक्षा एडनची झाली. तिथल्या तुरुंगातून ते एकदा निसटलेही होते. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांनी देह ठेवला.

आज पळस्पे फाट्यावर एसटी थांबते तेव्हा हे कुणाच्या मनात येत नाही. पण या पट्ट्यात बंदुकीच्या परवान्याकडे नुसता सरकारी कागद म्हणून पाहणं मला जमत नाही. ज्या कायद्याने इथल्या माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, त्याच्याविरुद्धचा राग राष्ट्रीय चळवळीत पुढे पन्नास-साठ वर्षं धुमसत राहिला. १९३१ मध्ये काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

मग स्वातंत्र्य मिळाल्यावर तो हक्क राज्यघटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी ही मागणी लावून धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येकाला बाजारात जाऊन मनाला येईल ते हत्यार विकत घ्यायची मोकळीक दिली, तर ती चोराला, दरोडेखोरालाही मिळेल, आणि राज्य चालवणं अशक्य होईल. कामतांची मागणी फेटाळली गेली. मला बाबासाहेबांचं बरोबर वाटतं. हत्यार हिसकावून घेतल्याचा अपमान त्यांना ठाऊक नव्हता असं थोडंच आहे! पण ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि माणसं आहेत त्याच्याच घरी बंदूकही जमा होते, हे गावगाड्याच्या तळातून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

इंग्रजांचा कायदा गेला आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला आणि आजही तोच चालतो. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. परवाना मात्र राहिला. (एक अपवाद अजून टिकून आहे. कोडगूच्या कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. पनवेलकराला तिचा काही उपयोग नाही.)

आता यंत्राकडे वळू, कारण ‘ऑटो’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हाताने भरायचा. नळीत दारू, वर चिंधी, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा ठासायचं, मागे केप बसवायची. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडे गेलेलं असतं. बारा बोअरची दुनळी मधोमध मोडते, दोन काडतुसं बसतात, दोन बार निघतात, की पुन्हा मोडायची. ‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे बहुतेक मालकांनाही माहीत नसतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.

.३१५ च्या रायफलीत मॅगझिन असतं, पण प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची. रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. हे काम तुमचा हात करतो.

अर्धस्वयंचलित रायफल हेच काम स्वतः करते. गोळी नळीतून पुढे जाताना मागे जो जळत्या दारूचा वायू कोंडलेला असतो, त्यातला थोडा एका बारीक भोकातून वळवून दट्ट्यावर सोडतात. दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, रिकामं काडतूस उडतं, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, नवी गोळी चेंबरमध्ये जाते आणि रायफल पुन्हा तयार. चाप मात्र दर गोळीला ओढावा लागतो. म्हणून ती ‘अर्धी’. चाप दाबून धरला की मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहिल्या, तर ती पूर्ण स्वयंचलित. अमेरिकेने १९३६ मध्ये गॅरंड रायफल स्वीकारली आणि एखाद्या मोठ्या सैन्याची नेहमीची रायफल पहिल्यांदाच अर्धस्वयंचलित झाली. आपल्याकडे तुम्ही ही जात पाहिलेली आहे. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांच्या खांद्यावरची लांब, जड, लाकडी दस्त्याची एसएलआर, ती हीच. नावातच सांगितलंय: सेल्फ लोडिंग रायफल, स्वतःच भरून घेणारी.

कायद्याने या तीन जातींमध्ये रेषा आखली आहे, आणि ती बऱ्याच जणांना वाटते त्यापेक्षा अलीकडे आहे. पूर्ण स्वयंचलित हत्यार प्रतिबंधित आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शस्त्र नियमांच्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित हत्यारंही प्रतिबंधित वर्गातच घातली आहेत. त्यातून पिस्तुलांना वेगळं काढलं आहे. म्हणूनच .३२ चं पिस्तूल स्वतः भरून घेणारं असूनही साध्या परवान्यावर मिळू शकतं आणि तशी रायफल मिळत नाही. बोल्टची असली तरी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची, म्हणजे सैन्याची गोळी जिच्यात बसते अशी रायफल, तीही प्रतिबंधितच. इंग्रजांना भीती होती की चोरीला गेलेली लष्करी काडतुसं खासगी रायफलींत चालतील. म्हणून हिंदुस्थानात शिकारीसाठी .३१५ सारखी वेगळी मापं रुळली, आणि इच्छापूरचा सरकारी कारखाना नागरिकांसाठी .३१५ च बनवत राहिला. तिच्या काडतुसाचं बूड उन्हात धरून पाहिलं तर ‘केएफ’ ही दोन अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे किर्की, आपलं खडकी. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना.

प्रतिबंधित हत्याराचा परवाना अलिबागचे जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. पनवेल शहर आणि तालुक्याचा बराच भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, तिथले आयुक्तही देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्र सरकारचा. म्हणजे तो माणूस जी ‘ऑटो’ रायफल देऊ करतोय, ती आजोबांच्या, वडिलांच्या किंवा मुलाच्या साध्या परवान्यावर चढूच शकत नाही. तिच्या पेटीवर कुठल्या नामांकित विलायती कंपनीचं नाव असो, ती नव्वद वर्षांची जुनी असो, की ‘कर्नलसाहेबांच्या घरातली’ असो, फरक पडत नाही.

परदेशी हत्याराची ही भुरळ येते कुठून? १९८० च्या दशकात खासगी आयात जवळपास बंद झाली. तेव्हापासून देशात आधीच असलेल्या विलायती बंदुका हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. त्यामुळे बदलाबदलीत विलायती माल येतोय म्हटलं की माणूस कागद नीट पाहत नाही.

कागद पाहायचेच झाले तर रीत अशी आहे. स्वतःच्या वापराची परवानाधारक बंदूक दुसऱ्याला विकायला किंवा द्यायला व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. पण घेणाऱ्याकडे त्या जातीच्या हत्याराचा परवाना आधीच हवा. शिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. अदलाबदलीत दोन्ही बाजू देणाऱ्या आणि दोन्ही घेणाऱ्या असतात, म्हणून हे दोघांनीही करायचं. मग दोघांच्या परवान्यांवर जुना नंबर कमी होऊन नवा चढतो. आज रात्री गाडीच्या डिकीतून आली आणि उद्या सकाळी नोंद करू, असं यात कुठेच बसत नाही. जो माणूस ४५ दिवस थांबायला तयार नाही, त्याला घराबाहेरूनच निरोप द्यावा. मला यात मधला मार्ग दिसत नाही.

आणि तरीही घेतली असेल तर? एखाद्याने रागाच्या, भीतीच्या किंवा हौसेच्या भरात अदलाबदल केलेली असते आणि रायफल कपाटात येऊन पडलेली असते. तेव्हा ‘ठेवू का’ हा प्रश्न खरा होतो. महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा फार जवळून पाहिला आहे.

जानेवारी १९९३. मुंबई दंगलींनी होरपळलेली. त्याच महिन्यात आपल्या रायगड जिल्ह्यात दिघीला चोरटा माल उतरला, आणि फेब्रुवारीत शेखाडीला स्फोटकं आणि हत्यारं उतरली. त्याच जानेवारीत मुंबईत अभिनेता संजय दत्त याच्या घरी एके-५६ रायफली आल्या. न्यायालयाच्या नोंदीनुसार त्याने तीनपैकी दोन परत केल्या आणि एक ठेवून घेतली. घरच्यांच्या जिवाची भीती वाटत होती, असं त्याचं म्हणणं होतं. विशेष म्हणजे त्याच्याकडे परवान्याची तीन हत्यारं आधीपासूनच होती. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, तपास जवळ येऊ लागला. तो मॉरिशसला चित्रीकरणात होता. तिथून फोन करून त्याने मित्राला ती रायफल नष्ट करायला सांगितलं. १९ एप्रिल १९९३ ला त्याला अटक झाली.

पुढचा हिशोब वर्षांमध्ये आहे. २००६ मध्ये टाडा न्यायालयाने दहशतवादाच्या आरोपांतून त्याला मोकळं केलं, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवलं. जुलै २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. येरवड्यातून तो २५ फेब्रुवारी २०१६ ला बाहेर आला. एक रायफल काही आठवडे घरात ठेवली, आणि त्याचा शेवट व्हायला तेवीस वर्षं लागली. ज्या मित्रांनी ती हलवायला, नाहीशी करायला मदत केली, त्यांनाही शिक्षा झाल्या. हे मी एखाद्या नटाची गोष्ट म्हणून सांगत नाही. त्याच्याकडे पैसा होता, मोठे वकील होते, वडील खासदार होते. पळस्प्याच्या शेतकऱ्याच्या मुलाकडे यातलं काय आहे?

आज तर कायदा आणखी कडक आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार जवळ बाळगल्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल चौदा आहे. साधं हत्यार परवान्याविना बाळगलं तरी किमान दोन वर्षं. ‘माझ्या नावावर नाही, मी फक्त ठेवून घेतली होती’ हे ऐकलं जात नाही. ‘माझ्याकडे नाही, मित्राकडे दिली’ हेही नाही. ताब्यात असणं म्हणजे हातात असणंच नव्हे, ते जाणीवपूर्वक असणं आणि त्या वस्तूवर आपला अंमल असणं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून ती पुरू नये, खाडीत टाकू नये, मेहुण्याच्या फार्महाऊसवर पाठवू नये. फौजदारी बघणारा वकील त्याच दिवशी गाठावा आणि त्याच्या सल्ल्याने, त्याला बरोबर घेऊन, ती पोलिसांच्या हवाली करावी. मुक्काम जितका वाढेल तितका ‘चुकून आली’ या शब्दांचा जीव जातो.

कायदा बाजूला ठेवला तरी अशी रायफल घरात नको, असं मी म्हणेन. याचं कारण तिच्या रचनेतच आहे. दुनळी हातात घ्या. कळ दाबली की ती मधोमध मोडते. उजेडाकडे धरली की दोन्ही नळ्यांतून आरपार आकाश दिसतं. दोन गोल तुकडे, आत चकचकीत. आकाश दिसलं म्हणजे बंदूक रिकामी. हे आजीला कळतं, दहावीतल्या नातीलाही कळतं, शिकवायला पाच मिनिटं लागतात. स्वतः भरून घेणाऱ्या रायफलीचं असं नाही. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं की नवख्या माणसाला वाटतं, झाली रिकामी. पण शेवटच्या बारानंतर तिने स्वतःच एक गोळी चेंबरमध्ये ओढून ठेवलेली असू शकते. मॅगझिन बाहेर, रायफल भरलेली, घोडा चढलेला. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, हा क्रम शिपायाच्या अंगात रोजच्या कवायतीने भिनवतात. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि तेल लावायला, बंदूक हातात घेणाऱ्या घरात तो भिनणार कसा?

आता मूळच्या तीन हत्यारांकडे येऊ. ती कायदेशीर होती, पण २०१९ च्या त्याच दुरुस्तीने त्यांचंही गणित बदललं. १९८३ पासून एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येत होत्या. सरकारने विधेयक आणलं ते एकच ठेवण्याचं. संसदेत आणि बाहेर बरीच ओरड झाली आणि आकडा दोनवर थांबला. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एका वर्षाच्या आत तिसरी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. वारसाने आलेल्यांनाही हीच मर्यादा. बदल्यात परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. हवेत गोळीबार करून लग्नं साजरी करणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही तेव्हाच आलं. ते फार आधी यायला हवं होतं.

आजोबांची बंदूक नातवाच्या नावावर कशी होते? परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. माणूस गेला की घरच्यांनी विनाविलंब ती जमा करायची आणि ज्या वारसाला हवी असेल त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांनी एक चांगली सोय केली आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे हत्यार पंचवीस वर्षं झाली, की तो जिवंत असतानाच वारस नेमून देऊ शकतो. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले परवानाधारक आहेत त्यांनी हे काम पावसाळ्याच्या आत करून टाकावं. सुतकात पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याची वेळ येऊ नये.

यातलं काय ठेवायचं? पनवेलच्या आसपास आज बंदूक लागते कशाला, इथून सुरुवात करावी लागेल. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हौसेची शिकार संपली. कर्नाळ्याचं जंगल त्याच्या चार वर्षं आधीच, १९६८ मध्ये, पक्षी अभयारण्य झालं होतं. पीकरक्षणाची गरज मात्र खरी होती. कायद्यानेही ती मान्य केली आहे: खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, यांच्या अर्जाला इतर हत्यारांपेक्षा मोकळा हात आहे. पण राखायचं ते पीकच कितीसं उरलंय? सिडकोने घेतलं, महामार्गांनी घेतलं, विमानतळाने तर गावंच्या गावं उचलली. जिथे भात होतं तिथे धावपट्टी आहे. ज्या घराचं शेत अजून डोंगराला लागून आहे, त्याने ठासणीची किंवा दुनळी जरूर ठेवावी, नूतनीकरण चुकवू नये. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायचा निरोप आला तर निमूट जमा करून पावती घ्यावी. गरज खरी असेल तर त्यासाठी नेमलेल्या समितीकडे अर्ज करून सूट मागता येते. आणि डुकरावर बार टाकायचा तो वनखात्याची परवानगी हातात असेल तरच. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा नव्हे.

ज्याचं शेत गेलं त्याने मात्र स्वतःला खरं सांगावं. ‘संरक्षणाला असू दे’ असं म्हणताना तो कुणापासून आणि कसं, याचा विचार करतो का? बंदूक कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, किल्ली तिसरीकडे. असंच ठेवायला हवं. पण मग मध्यरात्री ती हातात यायला पाच मिनिटं लागतात. आणि बंदूक उशाशी ठेवली तर घरातली मुलं तिच्यापासून पाच पावलांवर झोपलेली असतात. .३१५ ची रायफल तर इथे मला पूर्ण अस्थानी वाटते. तिची गोळी लक्ष्य चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते, आणि पनवेलमध्ये आज कुठल्याही दिशेला दोन किलोमीटरमध्ये एखादी सोसायटी उभी असतेच. तिसरी कुठली द्यायची असा प्रश्न असेल, तर ती हीच.

ठासणीची आठवण म्हणून भिंतीवर टांगायची अनेकांची इच्छा असते. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशी निकामी, पुराणवस्तू म्हणूनच उरलेली बंदूक कायद्यातून सुटते. पण ‘गंजलीय’ म्हणजे निकामी नव्हे. गज आहे, नळी शाबूत आहे, तर ती बंदूकच आहे आणि तिला परवाना लागतो.

आणि त्या मुलाचं काय, ज्याचे डोळे ‘ऑटो’ शब्दाने चमकले होते? त्याला नेमबाजी हवी असेल तर त्याची जागा पनवेलमध्येच आहे. ऑलिंपिक खेळलेल्या सुमा शिरूर यांनी इथे लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अवनी लेखराच्या त्या प्रशिक्षक. २००४ मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत सुमाताईंनी चाळीस गोळ्यांत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. म्हणजे चाळीस वेळा, दहा मीटरवरून, टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यावर. हत्यार होतं एअर रायफल. तिच्यात दर वेळी एकच छर्रा, तोही बोटांनी बसवायचा. छर्रा बसवायचा, श्वास सोडायचा, थांबायचं, चाप. मग पुन्हा पहिल्यापासून. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं ते .२२ च्या रायफलीने, आणि त्यातही गोळी एकेकच. क्लबच्या सभासदाला सरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल हवी असेल, तर कायदा तिच्याकडेही मोकळ्या हाताने पाहतो. वीस ज्यूलच्या आतल्या .१७७ च्या एअर रायफलीला तर परवानाच लागत नाही.

म्हणून त्या घरात मी गेलो तर आधी दुनळी मागून घेईन, मोडून उजेडाकडे धरेन आणि मुलाला आत पाहायला लावेन. मग ‘ऑटो’वाल्याला आजोबांच्या ओसरीवरूनच परत पाठवायचं. सोमवारी घरातल्या मोठ्या माणसाने .३१५ कापडात गुंडाळून, काडतुसं मोजून, परवाना खिशात ठेवून ठाण्यात जायचं. अंमलदार नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून पाहील, काडतुसं पुन्हा मोजेल, पावती लिहील. पावतीवर नंबर बरोबर उतरलाय का ते तिथेच, टेबलासमोर उभं राहून वाचायचं. एक आकडा चुकला असेल तर लगेच दुरुस्त करून, सही घेऊन, शिक्का मारून घ्यायचा. घरी आल्यावर ती पावती सातबाऱ्याच्या पिशवीत, परवान्याच्या मागे.